अंड्याचा वार परत द्या

प्रति,
मा. दादाजी भुसे,
शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

एखाद्या हॉटेलवाल्याने पाटीवरचा एखादा पदार्थ पुसला, की नेहमीचे गिऱ्हाईक कुरकुर करते, गल्ल्यावरच्या मालकाला दोन शब्द सुनावते आणि फारच जिवाला लागले तर शेजारच्या हॉटेलात जाऊन बसते. मालकालाही हे ठाऊक असते, म्हणून पदार्थ काढण्याआधी तो दहादा विचार करतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत दुपारी ताटली घेऊन ओळीत बसणाऱ्या मुलाला यातले काहीच करता येत नाही. त्याच्या ताटलीत काय पडणार हे मंत्रालयात ठरते, शासन निर्णयाच्या परिशिष्टात छापले जाते आणि एक दिवस तिथेच बदलले जाते. हे पत्र अशाच एका बदलाविषयी आहे. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने आपल्या विभागाने शालेय पोषण आहाराची पाककृतींची यादी नव्याने लावली आणि अंड्यासाठी मिळणारा राज्याचा पैसा बंद केला. अंडा पुलाव यादीत राहिला, पण ऐच्छिक म्हणून. करायचाच असेल तर शाळेने लोकसहभागातून पैसे उभे करावेत, या अटीवर. गोड पदार्थांच्या साखरेचेही तेच झाले. माझे म्हणणे असे की, हा निर्णय कागदावर सगळ्या जिल्ह्यांना सारखा दिसत असला, तरी बीडसारख्या जिल्ह्यात त्याचा अर्थ ‘अंडे बंद’ एवढाच होतो. आणि ज्या मुलांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमके त्यांच्याच ताटलीतून ते जाते.

अंडे आले कसे, हे आधी आठवू. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ठरवले की, आठवड्यातून एकदा, बुधवारी किंवा शुक्रवारी, प्रत्येक मुलाला एक अंडे द्यायचे. जे मूल अंडे खात नाही त्याला केळे किंवा गावात मिळेल ते फळ द्यायचे. अंड्यामागे पाच रुपये धरले आणि शैक्षणिक वर्ष संपेपर्यंतच्या २३ आठवड्यांची तरतूद केली. ज्यांनी तो निर्णय लिहिला त्यांच्या डोक्यात बीड असेल असे वाटत नाही, पण योगायोग असा की, नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ म्हणजे नेमका आमच्याकडचा कोयत्याचा, म्हणजे ऊसतोडीचा, हंगाम. दिवाळी झाली की गाड्या भरतात, टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली पोरे. ज्या महिन्यांत घरच्या चुलीपुढे आई नसते, नेमक्या त्याच महिन्यांत सरकारने आठवड्यातून एकदा का होईना, पण अख्खे, न फोडलेले, न वाटून घ्यावे लागणारे असे काही मुलाच्या हातात ठेवले. ताटलीच्या कडेवर टकटक आपटायचे, टरफल नखाने सोलायचे, पांढरे आधी खायचे आणि पिवळे शेवटी, मिठाला लावून. शाळेच्या जेवणात मुलाला स्वतःच्या हाताने उघडून खाता येईल असा तो एकमेव पदार्थ होता.

आपल्या निर्णयातला एक भाग मला मान्य आहे, तो आधीच सांगून टाकतो. जून २०२४ मध्ये जो तीन पदार्थांचा आहार लागू झाला, म्हणजे तांदळाचा एक प्रकार, मोड आलेले कडधान्य आणि वर गोड असे काही, तो ग्रामीण शाळांना झेपणारा नव्हता. एका शेडमध्ये दोन चुली, दोन बाया, शंभर-दीडशे मुले आणि पंधरा पाककृतींचे वेळापत्रक. यातून पदार्थ कमी आणि नोंदवह्याच जास्त शिजणार होत्या. मुख्याध्यापकांनी तक्रारी केल्या, त्या रास्त होत्या आणि आपण त्या ऐकल्या, हे चांगले झाले. नाचणी सत्त्व ऐच्छिक झाल्याचे बीडमध्ये कुणाला फार दुःख झाले असेल असेही नाही. नाचणी हे कोकणातले आणि सह्याद्रीच्या उतारावरचे धान्य, बालाघाटच्या माळावर तिला विचारतो कोण? पण आहार सुटसुटीत करणे ही एक गोष्ट आणि अंड्याचे पैसे काढून घेणे ही दुसरी. सुटसुटीतपणाच हवा होता, तर उकडलेल्या अंड्याइतका सोपा पदार्थ यादीत दुसरा नव्हता. त्याला फोडणी नाही, निवडणे-टिपणे नाही, पातेले करपण्याची भीती नाही. अवघड पदार्थांविषयीच्या तक्रारीचे निमित्त होऊन सर्वांत सोपा पदार्थ गेला.

आता यादीत काय उरले ते पाहा. व्हेज पुलाव, मसाले भात, मटार पुलाव, मूगडाळ खिचडी, चवळी खिचडी, चणा पुलाव, सोयाबीन पुलाव, मसुरी पुलाव, मूग-शेवगा वरण-भात, मटकीची उसळ. वाचायला दहा नावे, पण ताटलीत बहुतेक दिवशी दिसतो तो भात. कधी पिवळा, कधी तांबडा, कधी त्यात वाटाणा तर कधी चवळी. त्यामागचे कारण सगळ्यांना माहीत आहे: केंद्राकडून येतो तो तांदूळ, लहान मुलामागे शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम. आष्टी-पाटोद्याच्या बाजरी खाणाऱ्या आणि गेवराई-माजलगावच्या ज्वारी खाणाऱ्या पोरांनी शाळेत रोज भातच खायचा, हा जुना संसार आहे आणि तो आपण एकट्याने मोडावा अशी अपेक्षा नाही. आपण या राज्याचे कृषिमंत्री होता, कोरडवाहू मुलखातले धान्य आपल्याला आमच्याकडून समजून घ्यायची गरज नाही. मुद्दा वेगळा आहे. सगळे पदार्थ एकाच धान्याचे असतात, तेव्हा त्यात जो एक पदार्थ खरोखर वेगळा असतो, त्याचे मोल यादीतल्या अनेक पदार्थांपैकी एक असे धरून चालत नाही. दहा पुलावांतला एक गेला असता तर मुलांना पत्ताही लागला नसता.

वेगळेपण फक्त चवीचे नव्हते. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि तीही शरीराला सहज वापरता येतील अशी. शिवाय अ आणि ड ही जीवनसत्त्वे आणि ब-१२, जे डाळीत नाही, सोयाबीनमध्ये नाही, शेवग्यातही नाही. यावर वित्त विभागातले कुणी म्हणेल, आणि त्याचे गणित चुकीचे नसेल, की २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलासाठी ठरवलेली बारा ग्रॅम प्रथिने अंड्याशिवायही भरतात: शंभर ग्रॅम तांदळातून सातेक ग्रॅम, वीस ग्रॅम डाळीतून पाचेक ग्रॅम, झाले बारा. कायदा पाळला गेला. पण हा हिशेब बेरजेचा आहे, आहाराचा नाही. निम्म्याहून जास्त प्रथिने भातातून मोजून जी बेरीज जुळते, तिच्यात ब-१२ कुठून येणार याचे उत्तर नसते. आणि ही बेरीजही तेव्हाच जुळते, जेव्हा वीस ग्रॅम डाळ खरोखर वीस ग्रॅमच पातेल्यात पडते. खिचडी पातळ करता येते, तेल हात आखडून घालता येते, भाजी कागदावर चिरता येते. अंडे पातळ करता येत नाही. ते दिले गेले की नाही, हे पहिलीतले पोरही सांगू शकते. ज्या योजनेच्या तपासणीसाठी आपण केंद्रप्रमुखांपासून मोबाइलवरच्या नोंदींपर्यंत एवढी यंत्रणा उभी केली, तिच्यातला हा एकमेव पदार्थ असा होता की ज्याचा तपासनीस खुद्द खाणारा होता.

अंड्याने उंची वाढते का, यावर संशोधकांत एकमत आहे असा दावा मी करणार नाही. इक्वेडोर देशात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले, तेव्हा खुंटलेल्या वाढीचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तसाच प्रयोग आफ्रिकेतल्या मलावीत झाला, तिथे वाढीत फरक पडला नाही. पण तिथली बाळे आधीच मासे खात होती. हे अभ्यास तान्ह्या बाळांचे आहेत, शाळकरी मुलांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी दोन्ही शेजारी ठेवले की एक गोष्ट उमगते: अंडे उपयोगी पडते ते ज्याच्या ताटात त्या जातीचे दुसरे काही नाही त्याला. ज्याच्या घरी दूध, दही, मासे, मटण आहे त्याला आठवड्याचे एक अंडे मिळाले काय आणि न मिळाले काय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची होती. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी होती. तीच मुले आज शाळेच्या वर्गांत बसलेली आहेत. ती कुठल्या शाळांत बसली आहेत, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

आता लोकसहभागाकडे येतो, कारण सगळे तिथेच अडते. शंभर पटाची एक शाळा घ्या. अंडे सात रुपयांना धरले तर एका वाराला सातशे रुपये लागतात, २३ आठवड्यांना सोळा हजार शंभर. ही रक्कम पुण्याजवळच्या एखाद्या गावाला, जिथे कारखान्यांचा सामाजिक निधी दारात उभा असतो, फार नाही. धारूर किंवा शिरूर कासार तालुक्यातल्या तांड्यावर, वाडीवर ती कोण देणार? शाळा व्यवस्थापन समितीतले पालकच हंगामात कारखान्यावर असतात. समितीची बैठक भरवायची म्हटले तरी कोरमची पंचाईत. जे कुटुंब मुकादमाची उचल फेडण्यासाठी सहा महिने उसाच्या फडात राहते, त्याच्याकडे शाळेच्या अंड्याची वर्गणी मागायला कोणता गुरुजी जाईल? म्हणजे ज्या गावात वर्गणी देणारे आहेत तिथे मुलांना अंड्याची तितकी निकड नाही, आणि जिथे निकड आहे तिथे वर्गणी देणाराच गावात नाही. गरज आणि मदत यांची इतकी उलटी सांगड घालणारी योजना मुद्दाम आखायची ठरवली असती तरी जमली नसती.

इथे एक आक्षेप येईल, आणि बीडची माहिती असणारा माणूसच तो घेईल. तुमच्या जिल्ह्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह होतात, काल्याच्या दिवशी हजारोंच्या पंगती उठतात, पोत्यांनी गहू आणि डब्यांनी तेल गोळा होते; त्याच गावांना शाळेच्या पोरांसाठी आठवड्याला सातशे रुपये काढता येत नाहीत काय? आक्षेप बिनतोड वाटतो. गावात देण्याची वृत्ती आहे, हे खरेच आहे. नारायणगड, गहिनीनाथगड या देवस्थानांच्या छायेतल्या गावांना दान शिकवायला नको. पण त्या देण्याची एक रीत आहे. आमच्याकडे अन्नदान म्हणजे वरण-भात, पोळी, बुंदी, फार तर भाजी-भाकरी. कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला शाळेत जेवण देईल, कुणी मुलीच्या वाढदिवसाला जिलेबी वाटेल, कुणी २६ जानेवारीला पेढे आणेल. पुण्य मिळावे म्हणून कुणी अंडी वाटल्याचे कुठे ऐकिवात नाही आणि घरी स्वतः अंडी खाणारा माणूसही ते करणार नाही. अन्नदानाच्या आपल्या परंपरेत सामिष अन्नाला जागाच नाही. लोकसहभागातून गोड खिचडी होईल, खीर होईल, लाडूही होतील. अंडे मात्र कधीच होणार नाही. ते एकच असे अन्न आहे की जे सरकारने द्यायचे, नाही तर कुणीच नाही. आपण अंडे बंद केले असे निर्णयात कुठेही म्हटलेले नाही, आणि तरीही त्याला अशा दारात नेऊन उभे केले आहे, जे त्याच्यासाठी उघडणारच नाही.

यावरून धार्मिक भावनांचा प्रश्न निघतो. त्याला बगल देणे बरे नाही. नोव्हेंबर २०२३ च्या निर्णयाला विरोध झाला. शाळेत अंडे शिजू नये असे मनापासून वाटणारे लोक आहेत. वारकऱ्यांच्या घरातले, लिंगायत किंवा जैन घरातले मूल अंडे खात नाही, त्याच्या आईवडिलांना काळजी वाटणे स्वाभाविक आहे. पण २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी आढळले होते, म्हणजे सुमारे ६० टक्के नव्हते. चाळिसांचा मान ठेवण्यासाठी साठांचे ताट रिकामे करायची गरज नाही, कारण केळ्याची सोय पहिल्या दिवसापासून निर्णयातच होती. दोन प्रकारच्या मुलांनी एका ओळीत बसून आपापले खावे, याहून चांगला धडा शाळेला दुसरा कोणता शिकवता येईल? मला इथे विभागाची एक चूक मात्र दाखवायची आहे. यादीत अंडा पुलाव ठेवला गेला, आणि अडचण खरी तर त्यातच आहे. पुलाव एकाच पातेल्यात शिजतो. त्यात अंडे पडले की माळकऱ्याच्या पोराला तो भातच चालत नाही, त्याच्यासाठी वेगळा भात मांडावा लागतो आणि मग कुरबूर सुरू होते. उकडलेले अंडे वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने, ज्याला हवे त्यालाच. भात सगळ्यांचा एक. वाद अंड्याचा कमी आणि पातेल्याचा जास्त आहे, आणि तो एका जादा भगुल्याने मिटतो.

पैशाचा मुद्दा सर्वांत शेवटी यायला हवा होता, पण निर्णय त्याच्यामुळे झाला असे दिसते, म्हणून बोलतो. अंड्यांसाठी वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये लागत, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. २०२५-२६ च्या राज्याच्या अर्थसंकल्पाचा एकूण आकार सात लाख कोटींचा होता. म्हणजे राज्याने खर्चलेल्या प्रत्येक चौदा हजार रुपयांतला एक रुपया. तिजोरीवर ताण आहे, हे कबूल. पण असा ताण एका रुपयाने हलका होत नसतो. उलट शाळेच्या बाजूने पाहा. मे २०२५ पासून एका मुलाच्या जेवणासाठी, तांदूळ सोडून, पहिली ते पाचवीला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे मिळतात. त्यातच डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि सरपण. एका अंड्याची किंमत आज लहान मुलाच्या अख्ख्या दिवसाच्या खर्चाइतकी आहे. जिथे सात रुपयांत सगळा स्वयंपाक भागवायचा आहे, तिथे मुख्याध्यापकाने वरचे सात रुपये कुठून काढावेत?

भावाच्या चढउताराची अडचण मात्र खरी आहे. पाच रुपयांचा दर ठरला तेव्हाही हिवाळ्यात अंडे किरकोळ बाजारात त्याच्या वर जात होते, आणि फरक अनेकदा शिक्षकांच्या खिशातून जात असे किंवा अंडे एका आठवड्याआड मिळे. पण याचा इलाज अनुदान बंद करणे हा नव्हे. अंड्याचा भाव रोज जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ पासून आहेच. तिच्या दराला अनुदान बांधले आणि वर वाहतुकीचे दोन पैसे ठेवले, तर हा वाद उरत नाही. उन्हाळ्यात अंडी टिकत नाहीत म्हणाल, तर मार्चनंतर सकाळची शाळा असते. त्या महिन्यांत आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी अंड्याचा वार ठेवला की झाले. वार ठरवणे शाळेवर सोपवा, मंत्रालयाने फक्त पैशाची सक्ती स्वतःवर घ्यावी. स्वयंपाकी बायांच्या तुटपुंज्या मानधनाचे दुखणे वेगळे आणि फार मोठे आहे. ते अंडे काढल्याने बरे होत नाही.

हे जमते की नाही, याची परीक्षा आपल्या शेजाऱ्यांनी आधीच देऊन ठेवली आहे. १९४८ पर्यंत बीड, बिदर, गुलबर्गा, रायचूर आणि आजचा तेलंगण एकाच निजामाच्या संस्थानात होते. मागासलेपणही बरेचसे एकाच वाटणीतले. त्यांतले बिदर, रायचूर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी आणि यादगीर, हे जिल्हे कर्नाटकात गेले. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने शाळेतले अंडे सुरू केले ते बंगळुरूपासून नाही, याच मागास पट्ट्यापासून. तिथेही मठांचा विरोध झाला, तिथेही केळ्याचा पर्याय दिला गेला. गदगच्या ग्रामविकास विद्यापीठाने अंडी मिळणाऱ्या यादगीरमधल्या आणि न मिळणाऱ्या गदगमधल्या मुलांची तुलना केली, तेव्हा यादगीरच्या मुलांची वाढ सरस दिसली. पुढच्या वर्षी अंडे राज्यभर गेले, २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने ते आठवड्याचे सहा दिवस झाले. तमिळनाडूने १९८९ मध्ये पंधरवड्याला एक या हिशेबाने सुरुवात केली आणि २०१० पासून आठवड्याला पाच केली. तेलंगणातही शाळेत अंडे मिळते. आमच्याकडून ऊसतोडीला बेळगाव-बागलकोटकडे टोळ्या जातात. आईबापांबरोबर गेलेल्या पोराचे नाव तिथल्या कन्नड शाळेत घातले गेले तर त्याला अंडे मिळेल, आणि घरी राहून शिकावे म्हणून आजीजवळ ठेवलेल्या त्याच्या भावाला मिळणार नाही. स्थलांतर थांबवण्यासाठी हंगामी वसतिगृहे चालवणाऱ्या सरकारला हे शोभणारे नाही.

शेजारच्या राज्यात एका उद्योगपतीच्या संस्थेने मदत केली, म्हणजे लोकसहभाग यशस्वी होतो, असेही कुणी म्हणेल. पण तिथे ती मदत राज्य सरकारशी करार होऊन राज्यासाठी आली, एकेका मुख्याध्यापकाने दारोदार फिरून नाही. आणि आठवड्याची पहिली दोन अंडी सरकारने स्वतःच्या पैशातून आधी दिली होती. महाराष्ट्रात साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, मुंबईत देशातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्या आहेत. आपण त्यांच्याशी बोलावे, जरूर बोलावे. जे कारखाने दरवर्षी बीडच्या कोयत्यावर चालतात, ते या मुलांचे थोडेफार देणे लागतात, असे सुनावायला मला संकोच वाटत नाही. मात्र तो पैसा आला तर आठवड्याचे दुसरे अंडे त्यातून व्हावे; पहिले राज्याचे असावे.

म्हणून मागणी करतो ती अशी. येत्या अर्थसंकल्पात अंड्याची आणि फळाची तरतूद पुन्हा राज्याच्या लेखाशीर्षाखाली आणावी, दर बाजाराला बांधावा, आणि पाककृतींच्या यादीतून अंडा पुलाव काढून तिथे साधे उकडलेले अंडे लिहावे. एकदम सगळीकडे जमत नसेल तर कर्नाटकाने केले तसे करावे: बीडसह ज्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला स्थलांतर होते तिथून, आणि आदिवासी तालुक्यांतून सुरुवात करावी. रक्तक्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांना जादा पूरक आहार देण्याची तरतूद केंद्राच्या पीएम पोषण योजनेत आहेच. तिच्यासाठी बीडचा प्रस्ताव आपल्या विभागाने पाठवावा. हे सगळे करायला नवा कायदा लागत नाही, नवी यंत्रणा लागत नाही, एका पानाचा शासन निर्णय पुरतो. तो दिवाळीच्या आत निघावा. दिवाळीनंतर आमच्याकडच्या गाड्या निघतात.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक नागरिक